बाबांच्या घड्याळात आठ मिनिटं

माझ्या वडिलांना मी एकदा बुद्धिबळात हरवलं आहे. भर स्पर्धेत, पंचांसमोर, कागदोपत्री. हे वाक्य मी पाहुण्यांपुढे उच्चारलं की स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज येतो, "पूर्ण सांगा!" मी पूर्णच सांगणार असतो. पण आधीच कोणी असं ओरडलं की सांगणाऱ्याचा विरस होतो. असो. पूर्ण सांगतो.

सुरुवात रेनकोटापासून झाली. एका संध्याकाळी मी ऑफिसातून आलो, तर बाबा दारामागच्या खुंटीसमोर उभे राहून माझ्या रेनकोटाला विचारत होते, "आज उशीर केलास?" रेनकोट गप्प होता. "बोलायचं नसेल तर नको बोलूस," असं म्हणून बाबा तरातरा आत निघून गेले. मी त्यांच्या मागेच दारात उभा होतो. त्या दिवशी जेवताना ते माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत, आणि चूक रेनकोटाची होती हे त्यांना कसं सांगावं ते मला कळेना.

बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे हे डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. बाबांना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की डोळे उत्तम आहेत, जग फिकं झालं आहे. वर्तमानपत्रवाले शाईत पाणी घालतात, बल्ब पूर्वीसारखे राहिले नाहीत आणि हल्लीच्या पायऱ्यांना नीट कडाच नसतात. छत्तीस वर्षं त्यांनी ड्राफ्ट्समन म्हणून नकाशे काढले. "एका इंचात चाळीस रेघा मारायचो मी. चाळीस! एक रेघ दुसरीला चिकटलेली दाखवा. आणि मला सांगता डोळे दाखवा?" यावर आम्ही गप्प बसायचो. कारण त्या रेघा खरोखरच चिकटलेल्या नव्हत्या.

पण मग एका सकाळी जिन्याची शेवटची पायरी त्यांना दिसली नाही. कठडा हातात होता म्हणून गुडघ्यावर निभावलं. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आणखी सहा महिने थांबलात तर ऑपरेशन अवघड होईल. नंतर माझ्याकडे येऊन रडू नका." मी त्याच वेळी थोडा रडवेला झालो होतो, ते त्यांच्या लक्षात आलं नसावं.

त्या रविवारी आम्ही पट मांडून बसलो होतो. दर रविवारी बसतो. मी चार वर्षांचा असल्यापासून दर रविवारी हरतो. बाबांनी मला कधी चाल परत घेऊ दिली नाही. "हात लावला की चाल," हे त्यांनी मला अ आ इ ई च्या आधी शिकवलं. शेजारी बायको भाजी निवडत ऑपरेशनचा विषय चालवत होती. तेव्हा वैतागून बाबा म्हणाले, "हे बघ सूनबाई, ज्या दिवशी हा मला हरवेल ना, त्या दिवशी मी समजेन की माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही. त्या दिवशी खुशाल ऑपरेशन करा. शब्द देतो."

माझ्या मनाला काय वाटलं असेल याचा विचार कोणी केला नाही. माझं जिंकणं हे माझ्याच घरात एका आजाराचं लक्षण ठरलं होतं.

"मग हरवा की त्यांना," बायको म्हणाली. येताना कोथिंबीर आणा म्हणावं, तशी.

"घरात नाही हं," बाबा म्हणाले. "घरात मी चहा पीत, फोन घेत खेळतो. स्पर्धेत. घड्याळ लावून. पंचासमोर." आणि बोलता बोलता त्यांनी माझा वजीर खाल्ला.

तीन आठवड्यांनी आमच्या गावची वार्षिक खुली स्पर्धा होती. बाबा तिच्यात दर वर्षी खेळतात, त्यांचं रेटिंग सोळाशे बेचाळीस. माझंही रेटिंग आहे. वीस वर्षांपूर्वी खात्याच्या क्रीडा सप्ताहात चुकून मिळालेलं, अकराशे चार. या दोन आकड्यांत जे अंतर आहे ते पायी कापण्यासारखं नाही.

बातमी इमारतीत पसरायला एक दिवस लागला. खालच्या मजल्यावरच्या होमिओपॅथने मला एकाग्रतेच्या गोळ्या दिल्या, त्या गोड निघाल्याने दोन दिवसांत संपल्या. वरच्या मजल्यावरच्या विमा एजंट बाई म्हणाल्या, "त्यांच्या चष्म्याच्या काचेवर किंचित तेलाचं बोट फिरवा." मी म्हणालो, "बाई, ते माझे वडील आहेत." "म्हणूनच किंचित म्हटलं," त्या म्हणाल्या. बायकोने तेलाच्या बाटलीकडे पाहिलं हे मी पाहिलं.

खरा गुरू मला सलूनमध्ये भेटला. आमचा सलूनवाला गावातला तिसऱ्या नंबरचा खेळाडू आहे. आरशाखालच्या फळीवर त्याचा पट कायम मांडलेला असतो. मात्र कात्री चालू असल्याशिवाय त्याला बुद्धिबळावर बोलता येत नाही, हात रिकामे राहिले की तो घड्याळाकडे बघू लागतो. त्यामुळे प्रत्येक धड्याला मला केस कापून घ्यावे लागले. तीन आठवड्यांत पाच धडे झाले. पाचव्या धड्याला कापायला काही उरलं नव्हतं, तरी तो हवेत कात्री चालवत होता.

"तुमच्या वडिलांना सगळं येतं," तो म्हणाला. "तेव्हा त्यांना येतं ते खेळूच नका. पहिली चाल, डाव्या कडेचं प्यादं पुढे. दुसरी चाल, उजव्या कडेचं."

"त्याने काय होईल?"

"तुमचं काही भलं होणार नाही. पण ते विचारात पडतील."

एवढ्यासाठी मी डोक्याचं मैदान करून घेतलं होतं. ऑफिसात सगळ्यांनी, कोणी गेलं का, म्हणून हळहळून विचारलं. घरात बाबांना काही दिसलंच नाही.

आता ऑफिसचं थोडं सांगायला हवं, कारण ते पुढे कामाला येणार आहे. मी पाणीपुरवठा खात्यात मीटरच्या तक्रारींच्या खिडकीवर बसतो. मीटर हल्ली नवीन पद्धतीचे आहेत, काड्याकाड्यांचे इंग्रजी आकडे दाखवणारे. त्यातल्या शून्याच्या पोटात एक आडवी काडी पेटली की आठ होतो. पावसाळी हवेत मीटर वाचणाऱ्या आमच्या रीडरला ती काडी नसली तरी दिसते. मग एकट्या राहणाऱ्या आजीबाईंनी महिन्यात पोहण्याच्या तलावाइतकं पाणी वापरलं असं निघतं, आणि आजीबाई माझ्या खिडकीशी येतात. बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो आहे, "शून्याचे आठ झालेत. लेखी द्या."

तर स्पर्धा. नाव नोंदवायला गेलो तेव्हा कळलं की एकाच घरातल्या खेळाडूंची आपसात गाठ पडू नये अशी कॉम्प्युटरमध्ये सोय केलेली असते. मी मुख्य पंचबाईंकडे गेलो. त्या करारी बाई होत्या आणि सगळं कुजबुजत बोलायच्या, सभागृहाबाहेरसुद्धा.

"लोक अर्ज करतात ते भावाशी गाठ पडू नये म्हणून," त्या कुजबुजल्या. "तुम्हाला वडिलांशी पडायला हवी आहे? घरात भांडण आहे का?"

"नाही, प्रेम आहे," मी म्हणालो. ते कसं तरीच वाटलं, पण खरं होतं.

"लेखी द्या," त्या म्हणाल्या. बावीस वर्षांत हे शब्द मला पहिल्यांदाच खिडकीच्या बाहेरच्या बाजूने ऐकू आले. मी लेखी दिलं. मग नात्याचा पुरावा मागितला, तो दिला. मग वडिलांची हरकत नसल्याचं पत्र मागितलं. ते बाबांनी स्वतः लिहिलं आणि त्याची चौथी ओळ तिसऱ्या ओळीवरच लिहिली. पंचबाईंनी ते बराच वेळ तिरपं धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अडवणूक काढते. पण गाठ मी घालू शकत नाही. ज्यांचे गुण सारखे, त्यांची गाठ पडते. तुम्ही त्यांच्याइतके गुण मिळवा."

म्हणजे फेऱ्या सहा, आणि त्यात मला जिंकायचं नव्हतं की हरायचं नव्हतं. बाबांचं जे होईल तेच माझं व्हायला हवं होतं. मुलाने वडिलांच्या पावलावर पाऊल टाकण्याचा इतका काटेकोर प्रयत्न क्वचितच झाला असेल.

शनिवारी पहिल्या फेरीत बाबा जिंकले आणि मी एका शाळकरी मुलीकडून बावीस मिनिटांत हरलो. तिने मला "चांगले खेळलात काका" असंही म्हटलं. दुसऱ्या फेरीत बाबांनी घोडा दोन घरांच्या मधल्या रेघेवर ठेवला, समोरच्याने तो कुठे आहे असं विचारलं, बाबांचा तोल गेला आणि ते हरले. माझ्या समोरच्याचा फोन भर डावात वाजला आणि नियमाप्रमाणे मी जिंकलो. तिसऱ्या फेरीत बाबा जिंकले, माझा प्रतिस्पर्धी आलाच नाही. रविवारी सकाळी आम्ही दोघंही हरलो, मी मनापासून आणि ते आश्चर्याने. पाचव्या फेरीत बाबांची बरोबरी झाल्याचं पाहून मी धावत माझ्या टेबलावर आलो आणि समोरच्या बँक अधिकाऱ्याला बरोबरी विचारली. तो माझी धूळधाण करत होता, पण त्याला बस गाठायची होती. अडीच आणि अडीच. भिंतीवर शेवटच्या फेरीची यादी लागली तेव्हा चौदाव्या पटावर आम्ही दोघं होतो. एका ओळीवर आमचं आडनाव दोनदा होतं, मी ती ओळही दोनदा वाचली.

एकेकाला एक तास, तो संपला की डाव गेला. चालीमागे जादा सेकंद नाहीत. पांढरी मोहरी माझी. मी डाव्या कडेचं प्यादं पुढे केलं, बाबांनी खेळी केली, मी उजव्या कडेचं प्यादं पुढे केलं.

बाबा थांबले. चष्मा सारखा केला. पटावर वाकले, मग माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पटावर वाकले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मला वाटलं त्यांना मोहरी दिसत नाहीत. नंतर त्यांनीच सांगितलं की मोहरी त्यांना पाठ होती, प्रश्न वेगळाच होता. "माझा मुलगा इतका गाढव नाही," असं धरून ते त्या दोन प्यादांमागचा डाव शोधत होते. मागे काही नव्हतं, फक्त सलूनवाला होता. पण चाळीस वर्षांत बाबांनी माझ्याबद्दल सलग इतका वेळ विचार केला नव्हता, आणि खरं सांगतो, मला ते आवडत होतं. पुढच्या प्रत्येक फालतू चालीला त्यांनी तसाच मान दिला.

एकदा त्यांची खात्री पटली की मी गाढवच आहे, तेव्हा मात्र सगळं भराभर संपत आलं. त्यांचा वजीर आला, हत्ती आला, माझा राजा कोपऱ्यात गेला. दोन चालींत मात होती. ती मलासुद्धा दिसत होती, यावरून किती उघड होती ते समजा. ऑपरेशन गेलं, मी मनात म्हटलं. आता जिना, पायऱ्या, रेनकोट.

आणि माझी नजर घड्याळावर गेली. काड्यांच्या आकड्यांचं इंग्रजी घड्याळ. माझ्याकडे एकवीस मिनिटं होती. बाबांच्या बाजूला शून्य होतं, मग दोन ठिपके, मग बावन्न. एक्कावन्न. बाबांनी चष्मा काढला, रुमाल काढला आणि शांतपणे काचा पुसायला लागले. शेवटची खेळी करण्याआधी ते काचा पुसतात. मी लहान असल्यापासून तो रुमाल मला ओळखीचा आहे, तो निघाला की माझं संपलं.

मी विचार केला असं म्हणता येणार नाही. तोंडातून गेलं, "बाबा, घड्याळ!"

पंचबाई कुठून उगवल्या कळलं नाही. "प्रतिस्पर्ध्याशी बोलायचं नाही," त्या कुजबुजल्या. "ही ताकीद. पुन्हा बोललात तर डाव गेला."

बाबांनी चष्मा चढवला, घड्याळाकडे झुकले, नीट निरखून पाहिलं आणि हसून मला म्हणाले, "आठ मिनिटं आहेत. भरपूर आहेत. तू तुझा राजा सांभाळ." आणि उरलेली एक काच पुसायला घेतली.

मला क्षणात कळलं. बावीस वर्षं त्या खिडकीशी बसलो आहे मी. शून्याचे आठ झाले होते. पंचबाईंनाही कळलं, कारण त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. वेळ किती उरली हे खेळाडूला सांगायची पंचांना मुभा नसते. त्या पदर बोटाला गुंडाळत उभ्या राहिल्या. मीही बोलू शकत नव्हतो. बोललो तर मी हरणार, बाबा जिंकणार आणि मोतीबिंदू तसाच राहणार. गप्प राहिलो तर जिंकणार. आयुष्यात पहिल्यांदा जिंकणार, आणि असा.

तीस सेकंद मी बाबांचे हात पाहत बसलो. काच पुसताना त्यांचा अंगठा गोल गोल फिरत होता. इंचात चाळीस रेघा मारणारे हात ते. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलो नाही. या तीस सेकंदांबद्दल मी पाहुण्यांना सांगत नाही. "पूर्ण सांगा" ते बहुतेक यासाठीच असतं.

बाबांनी चष्मा घातला, वजीर उचलला, ऐटीत ठेवला आणि म्हणाले, "शह."

"वेळ संपली होती," पंचबाई म्हणाल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच त्या कुजबुजल्या नाहीत.

"काही तरीच काय! आठ मिनिटं होती!" बाबांनी घड्याळ उचललं, खिडकीपाशी नेलं, नाकाला लावलं, तिरपं केलं. मग त्यांनी त्या आकड्याच्या मधून नख फिरवलं, कागदावरची रेघ चाचपावी तसं. बाजूच्या पटांवरचे लोक माना वळवून पाहू लागले. बाबा परत आले, घड्याळ माझ्यापुढे ठेवलं आणि हळूच म्हणाले, "इथे मधे रेघ आहे का रे?"

"नाही बाबा."

"मुळीच नाही?"

"मुळीच नाही."

ते बसले. निकालाचा कागद आला. त्यावर दोघांनी सही करायची असते. बाबांनी पेन काढलं, कागदावर धरलं आणि तसेच थांबले.

"सही कुठे करायची ते बोट ठेवून दाखव," ते म्हणाले. "आणि त्या डॉक्टरला फोन कर."

मी बोट ठेवलं. त्यांनी बोटाच्या बरोबर खाली सही केली.

पुढच्या आठवड्यात उजवा डोळा झाला. पट्टी निघाली तेव्हा डॉक्टरांनी भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला. बाबांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, वर त्याखालचं छापखान्याचं नावही वाचलं. मग माझ्याकडे वळून बराच वेळ पाहत राहिले. मी हळवा होऊन उभा होतो.

"तुझ्या डोक्याला काय झालंय?" ते म्हणाले.

महिन्याभराने डावा डोळाही झाला. त्यानंतरच्या रविवारी बाबांनी सलूनवाल्याकडून तसंच काड्यांचं घड्याळ मागून आणलं आणि आधी तो जुना डाव शेवटच्या खेळीपर्यंत आठवणीने मांडला. "इथे दोन चालींत मात होती. तुला दिसत होती?"

"दिसत होती."

"मग घड्याळ म्हणून कशाला ओरडलास? गप्प राहिला असतास तर ताकीदही मिळाली नसती. हवं होतं ना ऑपरेशन तुम्हाला?"

मी प्यादं हातात घेऊन उगाच फिरवत बसलो. बाबांनी सवयीने घातलेला चष्मा काढला, पुसायला रुमाल काढला, आणि मग आठवलं की आता चष्म्याची तशी गरज नाही. रुमालाने त्यांनी नाक पुसलं.

"कागदावर मी हरलो आहे, त्यात वाद नाही," ते म्हणाले. "चल, मांड. आणि ते प्यादं तू केव्हाचं हातात धरलंयस. हात लावला की चाल."

ते डाव्या कडेचं निघालं. अठराव्या चालीला मात झाली. स्वयंपाकघरातून बायकोने "काय झालं?" विचारलं, कोणी सांगितलं नाही. बाबांनी घड्याळ थांबवलं, हात लांब करून धरलं, माझ्यापुढे आणलं आणि एकेका आकड्यावर बोट ठेवत मला वाचून दाखवलं.

"चव्वेचाळीस मिनिटं. हा शून्य. हा आठ."